काउन्सिल केअर स्टाफचं ट्रेनिंग विकत कसं घेते, आणि सगळ्यात कमी दर देऊनही काम का जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई भारतात नर्सिंग करून इंग्लंडमध्ये आल्या. लेस्टरमधल्या केअर होममध्ये आधी नर्स, मग ट्रेनिंग लीड म्हणून त्यांनी काम केलं. आता स्वतःची छोटी कंपनी काढून त्या मूव्हिंग अँड हँडलिंग (माणसांना सुरक्षितपणे उचलणं-हलवणं), औषधं देणं आणि डिमेन्शिया या विषयांचं ट्रेनिंग देतात. एका काउन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, कोटेशन मागवलं, यांचा दर सगळ्यात कमी होता, तरी काम दुसऱ्याला गेलं. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: अशी कामं जाहीर कुठे होतात, कमी दर असून नकार का आला, आणि पुढच्या वेळी दर आणखी खाली आणावा का?

मी या कामाच्या दोन्ही बाजूंना राहिले आहे. आधी काउन्सिलच्या वर्कफोर्स डेव्हलपमेंट टीममध्ये ट्रेनिंगची स्पेसिफिकेशन्स (नेमकं काय हवं त्याचे कागद) लिहायची आणि आलेल्या कोटेशन्सना गुण द्यायचे, आणि आता छोट्या ट्रेनिंग कंपन्यांना तीच कोटेशन्स लिहायला मदत करते. ताई, तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी एक प्रश्न येतो आणि बहुतेक ट्रेनर तो विचारतच नाहीत. काउन्सिल हे ट्रेनिंग कुणाच्या स्टाफसाठी घेते आहे, आणि कोणत्या अडचणीमुळे? हे कळलं की काम कुठे जाहीर होईल, कोण गुण देणार आणि दराला किती किंमत आहे, हे सगळं त्यातून उलगडत जातं.

दोन गोष्टी आधीच सांगते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे. आणि छोट्या रकमांच्या खरेदीचे नियम प्रत्येक काउन्सिल स्वतः ठरवते, त्यामुळे मी जिथे 'साधारणपणे' म्हणेन तिथे त्या काउन्सिलच्या वेबसाइटवर 'कॉन्ट्रॅक्ट प्रोसीजर रूल्स' उघडून खात्री करून घ्या. कंटाळवाणा दस्तऐवज आहे, पण रकमांचा तक्ता एकाच पानावर असतो आणि तेवढाच तुम्हाला हवा आहे.

आता कोणती काउन्सिल, ते बघू. सोशल केअरची जबाबदारी सगळ्या काउन्सिलांकडे नसते. इंग्लंडमध्ये प्रौढांच्या सोशल केअरची जबाबदारी १५३ काउन्सिलांवर आहे: काउंटी, युनिटरी (आपल्या भागातली सगळी कामं एकटी बघणारी), मेट्रोपॉलिटन बरो आणि लंडनचे बरो. तुमच्याच भागाचं घ्या. लेस्टर शहराची सिटी काउन्सिल युनिटरी आहे, म्हणून शहरातली केअर तिच्याकडे. शहराबाहेर लेस्टरशायर काउंटी काउन्सिल. पण काउंटीच्या पोटात ब्लॅबी, चार्नवुड, हार्बरो, ओडबी अँड विग्स्टन वगैरे ज्या सात डिस्ट्रिक्ट आणि बरो काउन्सिल आहेत, त्यांच्याकडे कचरा, घरबांधणीच्या परवानग्या, हाउसिंग असं काम असतं, सोशल केअर नसते. तिथे कितीही ईमेल पाठवले तरी पुढे काही होणार नाही. शेजारच्या रटलंडची काउन्सिल आकाराने लहान, पण युनिटरी, म्हणून ती तुमच्या यादीत हवी.

मग स्टाफ कुणाचा, हा प्रश्न. काउन्सिलचा स्वतःचा स्टाफ म्हणजे सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हॉस्पिटलमधून घरी आलेल्या माणसाला पुन्हा उभं करणारी रीएबलमेंट टीम, आणि काही ठिकाणी अजून काउन्सिलच्याच मालकीची राहिलेली डे सेंटर किंवा केअर होम. यांच्या ट्रेनिंगची जबाबदारी नोकरी देणारी संस्था म्हणून थेट काउन्सिलची. पण प्रत्यक्ष अंगमेहनतीची केअर करणारी बहुतांश माणसं खाजगी आणि चॅरिटी संस्थांकडे नोकरीला आहेत. त्यांना योग्य ट्रेनिंग, सुपरव्हिजन आणि अप्रेझल देणं ही त्या संस्थांची कायदेशीर जबाबदारी आहे. केअर संस्थांची तपासणी करणारी सीक्यूसी ज्या २०१४ च्या नियमांनुसार तपासणी करते, त्यातला १८वा नियम हेच सांगतो. तिसरा गट पर्सनल असिस्टंटचा, म्हणजे डायरेक्ट पेमेंट (केअरसाठी काउन्सिलकडून थेट मिळणारे पैसे) घेणाऱ्या कुटुंबांनी स्वतः कामाला ठेवलेल्या माणसांचा. त्यांच्याकडे फार कुणी बघत नाही. त्यांच्यासाठी काउन्सिल थोडंबहुत ट्रेनिंग घेते, आणि नव्या ट्रेनरला शिरकाव करायला ही चांगली जागा आहे.

खाजगी संस्थांच्या स्टाफसाठी काउन्सिल मुळात पैसे का खर्च करते? केअर अॅक्ट २०१४ च्या पाचव्या कलमात स्थानिक केअर बाजार सांभाळण्याचं कर्तव्य काउन्सिलवर टाकलं आहे, आणि ते पार पाडताना कुशल मनुष्यबळ तयार होण्याचं महत्त्व लक्षात घ्यायला सांगितलं आहे. पण किती पैसे, किती कोर्सेस, हे कायदा सांगत नाही. त्यामुळे हा खर्च काउन्सिलच्या मर्जीवर राहतो, आणि तंगी आली की सगळ्यात आधी यालाच कात्री लागते. बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्ये आणि नॉटिंगहॅमने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेक्शन ११४ ची, म्हणजे खर्चाचा मेळ बसत नसल्याची, नोटीस काढली. अशी नोटीस निघाली की कायद्याने अटळ नसलेला नवा खर्च थांबतो. काउन्सिलच्या सोशल वर्करचं कायद्यावरचं ट्रेनिंग अशा काळातही कसंबसं टिकतं. केअर होमसाठी मोफत ठेवलेला डिमेन्शियाचा कोर्स टिकत नाही. म्हणून आपलं काम कोणत्या बजेट हेडमधून येतं, हे ट्रेनरला माहीत असलंच पाहिजे.

आता अडचणीबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या नकाराचं मूळ मला इथे दिसतं.

काउन्सिलमध्ये ट्रेनिंगची मागणी दोन वाटांनी येते. एक वाट वर्कफोर्स टीमची: शरद ऋतूत सगळ्या टीम्सकडून गरजा मागवायच्या, त्यांची यादी करायची, एप्रिलपासूनच्या वर्षासाठी योजना बनवायची. दुसरी वाट कॉन्ट्रॅक्ट मॉनिटरिंग आणि सेफगार्डिंगची (हेळसांड किंवा छळापासून माणसांना जपण्याच्या कामाची). एखाद्या होम केअर एजन्सीत चुका दिसायला लागतात, सेफगार्डिंगच्या चौकशीत तीच तीच गोष्ट पुढे येते, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'यांना ट्रेनिंग द्यायला हवं.' दुसऱ्या वाटेने आलेली मागणी निकडीची असते, पण ती फार मोघम लिहिली जाते.

एका काउन्सिलमधली गोष्ट सांगते. होम केअरमध्ये औषधांच्या चुका वाढल्या होत्या. स्पेसिफिकेशनचा पहिला मसुदा आला: 'मेडिकेशन अवेअरनेस, अर्धा दिवस, जास्तीत जास्त पंधरा जण.' आम्ही मसुदा बाजूला ठेवून आधी चुकांचे फॉर्म वाचले. बहुतेक चुकांचा अवेअरनेसशी काही संबंध नव्हता. लागेल तेव्हा द्यायच्या औषधांपाशी गाडी अडत होती. सकाळच्या केअररने पॅरासिटामॉल दिली, मार चार्टवर (दिलेल्या औषधांच्या नोंदीचा तक्ता) सही केली, पण किती गोळ्या आणि किती वाजता, ते लिहिलं नाही. दुपारी दुसरी केअरर आली. आजी म्हणाल्या, पाय दुखतोय. चार्टवर सही दिसते, वेळ दिसत नाही. आता द्यायची की नाही? काहींनी दिली, काहींनी नाही. दोन्हीकडे आजींचंच नुकसान. आणखी एक गोष्ट दिसली. हॉस्पिटलमधून शुक्रवारी संध्याकाळी घरी आलेल्या माणसाचा चार्ट एजन्सीच्या ऑफिसमध्ये घाईघाईत हाताने लिहिला जायचा आणि तो दुसऱ्या कुणी तपासायचा नाही. म्हणजे निम्मी चूक केअररच्या हातात नव्हतीच, ती को-ऑर्डिनेटरच्या टेबलावर होत होती.

मग स्पेसिफिकेशन बदललं. वर्गात कोरे मार चार्ट वापरायचे आणि एजन्सीचेच वापरायचे. को-ऑर्डिनेटर आणि सुपरवायझर यांचं वेगळं सत्र. ट्रेनिंगनंतर काही आठवड्यांनी सुपरवायझरने प्रत्येक केअररला घरी औषध देताना प्रत्यक्ष बघायचं आणि त्याची नोंद ठेवायची. ती नोंद कशी करायची हे ट्रेनरने शिकवायचं. होम केअरमधल्या औषधांबद्दल नाइस या राष्ट्रीय संस्थेचं २०१७ चं मार्गदर्शन, एनजी६७, याला धरून हे सगळं होतं. कोटेशन मागवल्यावर बहुतेक ट्रेनर्सनी आपला नेहमीचा मेडिकेशन कोर्सच पाठवला, वर फक्त नवं नाव घातलं. काम ज्यांना मिळालं त्यांनी उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की लागेल तेव्हा द्यायच्या औषधांच्या नोंदीसाठी आम्ही चार चुकीचे भरलेले चार्ट आणू आणि स्टाफला त्यातल्या चुका शोधायला लावू. ते वाचताना वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला.

काउन्सिलला कोर्स नको असतो. विशिष्ट माणसांच्या घरी विशिष्ट चूक परत होणार नाही, याची शक्य तेवढी खात्री हवी असते. स्पेसिफिकेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर प्रश्न विचारण्याच्या मुदतीत पोर्टलवरून विचारा: 'या ट्रेनिंगची गरज कोणत्या घटनांमधून किंवा तपासणीतून पुढे आली?' उत्तर सगळ्या बोली लावणाऱ्यांना जातं, त्यामुळे तुमचा प्रश्नही सगळ्यांना दिसतो. तरी विचारा. उत्तर सगळे वाचतात, पण त्याप्रमाणे कोर्स बदलून लिहिणारे थोडेच असतात.

आता कमी दराचा हिशेब. तुमच्या कोटेशनचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून नेहमी दिसणारं एक उदाहरण घेते. गुणवत्तेला ६० गुण, किमतीला ४०. किमतीचे गुण काढायची रूढ पद्धत अशी: सगळ्यात कमी दर भागिले तुमचा दर, गुणिले ४०. समजा तुमचा दिवसाचा दर ४८० पाउंड आणि दुसऱ्या ट्रेनरचा ५६०. तुम्हाला पूर्ण ४०, त्यांना ३४.३. तुम्ही ५.७ गुणांनी पुढे. आता गुणवत्तेचा २० गुणांचा एकच प्रश्न बघा, शून्य ते पाच या पट्टीवर. 'समाधानकारक' उत्तराला पाचपैकी तीन, म्हणजे १२ गुण. 'उत्कृष्ट' उत्तराला पाच, म्हणजे २०. फरक आठ गुणांचा. दिवसाला ८० पाउंड सोडून तुम्ही जे कमावलं, ते एका उत्तरात गेलं आणि वर आणखी गेलं. असे तीन-चार प्रश्न असतात. ६०-४० नसून ४०-६० असेल तर चित्र बदलतं. म्हणून गुणांची विभागणी सगळ्यात आधी वाचा आणि वेळ कुठे घालवायचा ते त्यावरून ठरवा.

उत्कृष्ट आणि समाधानकारक यांत फरक कशाने पडतो? मूव्हिंग अँड हँडलिंग तुमचा विषय आहे, तर तेच उदाहरण घेऊ. 'आमचे ट्रेनर अनुभवी असून आम्ही संवादात्मक पद्धतीने शिकवतो' हे वाक्य मी इतक्या कोटेशन्समध्ये वाचलं आहे की त्याला तीनच्या वर गुण देण्यासारखं त्यात काही उरत नाही. त्याऐवजी लिहा: बारा जणांना एक ट्रेनर, त्यापेक्षा जास्त झाले तर दुसरा ट्रेनर. हॉइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) आणि उंची बदलणारा बेड आम्ही आणतो की जागेवर असायला हवा, ते स्पष्ट. लूपचे आणि क्लिपचे असे दोन्ही प्रकारचे स्लिंग (हॉइस्टला लावायची झोळी) वापरून दाखवतो, कारण स्टाफला वेगवेगळ्या घरांत दोन्ही भेटतात. प्रत्येक जण स्वतः स्लिंगमध्ये बसून उचलला जातो, म्हणजे तिथे बसलेल्या आजोबांना काय वाटतं ते कळतं. उचलण्याच्या साधनांबद्दलच्या लोलर नियमांनुसार माणूस उचलण्याच्या हॉइस्टची आणि स्लिंगची तपासणी दर सहा महिन्यांनी झालेली असायला हवी. ती तारीख कुठे बघायची आणि उलटून गेली असेल तर काय करायचं, हे आम्ही शिकवतो. ज्याची पाठ आधीच दुखते आहे त्याच्यासाठी आम्ही काय करतो. वर्गात कुणाला जमलं नाही, तर प्रमाणपत्र देत नाही आणि त्याच दिवशी मॅनेजरला कळवतो. या शेवटच्या वाक्याला गुण देणारे फार महत्त्व देतात, कारण हजर राहिलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र वाटणाऱ्या ट्रेनर्सचा त्रास त्यांनी भोगलेला असतो.

तुमच्याकडे आणखी एक जमेची बाजू आहे, आणि ती तुम्ही लिहिली नसेल असं मला वाटतं. फेब्रुवारी २०२२ पासून केअर वर्करना परदेशातून व्हिसावर यायची सोय झाली आणि भारत, नायजेरिया, झिंबाब्वे अशा देशांतून खूप माणसं आली. बाहेरून नवी भरती २२ जुलै २०२५ ला बंद झाली, पण आलेली माणसं इथे काम करताहेत. सीनियरने एकट्याने हॉइस्ट चालवायला सांगितलं तर 'नाही, इथे दोघे लागतात' असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. नोकरी व्हिसाला बांधलेली असते आणि वरिष्ठांना उलट बोलायची सवय नसते. तुम्ही या दोन्हीतून गेला आहात. वर्गात हे 'नाही' कसं म्हणायचं याचा सराव तुम्ही घेत असाल, तर ते उत्तरात ठसठशीत लिहा. काउन्सिलला हा प्रश्न चांगला माहीत आहे, पण त्यावर नेमका उपाय सांगणारे ट्रेनर विरळा.

आता कामं कुठे जाहीर होतात ते. प्रोक्युअरमेंट अॅक्ट २०२३ हा २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाला. शिक्षण आणि ट्रेनिंगच्या सेवा 'लाइट टच', म्हणजे सैल नियमांच्या, गटात येतात, आणि त्यांना कायद्याची पूर्ण प्रक्रिया ६,६३,५४० पाउंडांपासून लागू होते, व्हॅट धरून. ट्रेनिंगचे बहुतेक करार याच्या खूप खाली असतात. वर्षाला ५०,००० पाउंडांचं काम चार वर्षांसाठी दिलं, तर २,००,०००, व्हॅट धरून २,४०,०००. तरीही मर्यादेच्या आतच. त्यामुळे तुमच्या कामावर प्रत्यक्षात काउन्सिलचे स्वतःचे नियम चालतात. साधारणपणे काही हजार पाउंडांपर्यंत एक कोटेशन पुरतं, त्याच्या वर तीन, आणि त्याच्या वर उघड जाहिरात. ३०,००० पाउंडांच्या पुढचं काम उघडपणे जाहीर करायचं असेल तर 'फाइंड अ टेंडर' या सरकारी साइटवर नोटीस द्यावी लागते. पण निवडक पुरवठादारांनाच बोलवायचं असेल तर आधी नोटीस द्यावी लागत नाही. करार झाल्यावर तपशील मात्र प्रसिद्ध करावा लागतो. म्हणजे ट्रेनिंगची बरीच कामं तुम्हाला जाहिरात म्हणून कधीच दिसणार नाहीत. तीन कोटेशन्स मागवायची असतील तर ज्यांचं नाव ठाऊक आहे त्यांनाच ईमेल जातो.

म्हणून नोंदणी दोन ठिकाणी करा. एक, 'फाइंड अ टेंडर'वर, जिथे कंपनीची माहिती एकदाच भरावी लागते. दोन, तुमच्या भागातल्या काउन्सिलांच्या पोर्टलवर. तुमच्याकडे ईस्ट मिडलँड्सचं 'ईस्टमिड्सटेंडर्स' आहे. नोंदणी करताना सेवेचे कोड नीट निवडा, नाहीतर सूचना येणार नाहीत.

एक साधी युक्तीही सांगते. स्थानिक सरकारच्या २०१५ च्या ट्रान्सपरन्सी कोडप्रमाणे काउन्सिलला ५०० पाउंडांवरचा प्रत्येक खर्च किमान दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावा लागतो, आणि ५,००० पाउंडांवरच्या करारांची यादीही. या फाइली काउन्सिलच्या साइटवर एक्सेलमध्ये मिळतात. वर्षभराच्या उतरवून घ्या, 'ट्रेनिंग' हा शब्द शोधा आणि पुरवठादार, रक्कम, खातं या रकान्यांवर नजर फिरवा. केअरचं ट्रेनिंग कोण देतं, कोणत्या विभागाच्या बजेटमधून पैसे जातात, कोणत्या महिन्यात बिलं वाढतात, हे एका संध्याकाळी कळतं. करारांच्या यादीत संपण्याची तारीख असते. त्या तारखेच्या आठ-नऊ महिने आधी वर्कफोर्स टीमला पत्र गेलं, तर तुमचं नाव योग्य वेळी योग्य टेबलावर पडतं. जे फाइलीत सापडत नाही ते माहितीच्या अधिकाराखाली विचारता येतं. उत्तराची मुदत कामाचे २० दिवस.

फ्रेमवर्कबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो मुद्दा पुढे येईलच. काउन्सिल आपली खरेदी सोपी करायला फ्रेमवर्क करते: आधी पुरवठादारांची निवड, मग लागेल तसं काम. कधी अनेक काउन्सिल मिळून करतात. तुमच्याच भागात एंडर्बीला असलेली एस्पो ही सहा काउन्सिलांच्या मालकीची खरेदी संस्था आहे. फ्रेमवर्कवर नाव लागलं म्हणजे काम मिळालं असं नाही; कामाची हमी जवळपास कधीच नसते. काउन्सिल हमी का देत नाही? लिबर्टी प्रोटेक्शन सेफगार्ड्सचं बघा, म्हणजे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या माणसाच्या मोकळिकीवर केअरसाठी बंधनं घालण्याच्या नव्या नियमांचं. कायदा २०१९ मध्ये झाला, सुरुवात ऑक्टोबर २०२० मध्ये व्हायची होती, मग एप्रिल २०२२ मध्ये, आणि एप्रिल २०२३ मध्ये तर तो बेमुदत लांबणीवर पडला. त्यासाठी मोठ्या प्रमाणावर ट्रेनिंग बांधून ठेवलं असतं तर ते पैसे गेले असते. फ्रेमवर्कला वेळ द्यावा की नाही, हे कंपनीच्या आकारावर आहे. एकट्या ट्रेनरने आधी तीन कोटेशन्सच्या टप्प्यातली कामं करावीत, संदर्भ मिळवावेत आणि मग तिकडे वळावं, असं माझं मत आहे. फ्रेमवर्कवर असलेल्या मोठ्या कंपनीची सहट्रेनर म्हणून काम करणं हाही चांगला रस्ता आहे.

काही दारं तुमच्यासाठी नाहीत, तिथे वेळ घालवू नका. अप्रेंटिसशिप लेव्हीच्या (मोठ्या कंपन्या त्यासाठी भरतात त्या कराच्या) पैशातून होतात आणि त्यासाठी सरकारी नोंदणी लागते. लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझमबद्दलचं ऑलिव्हर मॅकगोवन ट्रेनिंग ठरलेल्या साच्यातच द्यावं लागतं. त्याच्या टिअर २ च्या पूर्ण दिवसासाठी फॅसिलिटेटरबरोबर लर्निंग डिसॅबिलिटी असलेली एक व्यक्ती आणि एक ऑटिस्टिक व्यक्ती अशी तिघांची मान्यताप्राप्त टीम लागते. हे काम फार मोलाचं आहे, पण त्या दोघांना योग्य मोबदला आणि आधार देऊन टीम उभी करणं हा वेगळाच व्याप आहे.

कागदपत्रांचं पटकन सांगते. पब्लिक लायबिलिटी आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा. रक्कम प्रत्येक काउन्सिलची वेगळी, आणि करार मिळाल्यावर विमा वाढवीन असं लिहिलेलं सहसा चालतं. माणसं नोकरीला असतील तर एम्प्लॉयर्स लायबिलिटी, कायद्याने किमान ५० लाख पाउंडांचा. दर व्हॅटशिवाय लिहा आणि व्हॅट लागणार की नाही ते वेगळं सांगा. काउन्सिल तुम्हाला एकटीला नाव घेऊन, ठरावीक तास, त्यांच्या सांगण्याप्रमाणे कामाला ठेवत असेल, तर आयआर३५ चा, म्हणजे करासाठी तुम्हाला नोकर धरायचं का याचा, प्रश्न येतो आणि एप्रिल २०१७ पासून त्याचा निर्णय काउन्सिल करते. दुसरा ट्रेनर पाठवायची मुभा करारात आणि प्रत्यक्षातही असू द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, दर उतरवावा का. माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्याचं कारण हिशेबात आहे. बारा केअरर सहा तास वर्गात बसल्या, तर एप्रिल २०२५ च्या १२.२१ पाउंड किमान वेतनाने त्यांच्या वेळेचे ८७९ पाउंड होतात. त्यांच्या जागी शिफ्टवर माणसं लावायचा खर्च आणखी वर. म्हणजे ट्रेनरची फी हा त्या दिवसाच्या खर्चाचा सगळ्यात मोठा भाग नव्हेच. तुम्ही ४० पाउंड कमी केलेत तर काउन्सिलचं किंवा केअर होमचं फारसं काही वाचत नाही. तुमचा प्रवास आणि तयारीचा वेळ मात्र त्यातून जातो. त्याऐवजी वेळेचा खर्च कमी करून दाखवा. सकाळच्या कामाची गर्दी संपल्यावर साडेदहाला सुरू होऊन दुपारच्या चहाआधी संपणारं सत्र. केअर होममध्येच येऊन घेतलेला वर्ग, म्हणजे बसचे दोन तास वाचतात. जे वाचून कळतं ते आधी ऑनलाइन, आणि वर्गात फक्त हाताने करायचं.

आणि रद्द करण्याच्या अटी दराइतक्याच काळजीने लिहा. केअरमध्ये कुणी आजारी पडलं की ट्रेनिंगला निघालेल्या बाईला शिफ्टवर थांबवतात. बारा नावं असतात आणि पाच जणी येतात. प्रत्येक माणसामागे दर लावलात तर हे नुकसान तुमच्या गळ्यात पडतं. म्हणून दर सत्राचा ठेवा, जास्तीत जास्त संख्या सांगा, आणि कामाच्या दहा दिवसांपेक्षा कमी सूचनेने रद्द झालं तर किती टक्के बिल होईल ते कोटेशनमध्येच लिहा. त्याच्या बदल्यात एक सवलत द्या: गेल्या वेळी येऊ न शकलेल्यांना पुढच्या सत्रात जागा असेल तर जादा पैसे न घेता बसवू. काउन्सिलला ही अट आवडते, कारण गैरहजर राहिलेल्यांचं काय करायचं हा त्यांचाही रोजचा प्रश्न आहे.

आधीच्या नकाराबद्दल अजून एक करा. खरेदी विभागाला लिहून प्रत्येक प्रश्नाचे तुमचे गुण आणि शेरे मागा, आणि काम मिळालेल्याचे एकूण गुणही विचारा. लहान रकमेच्या कोटेशनसाठी इतका तपशील द्यायचं बंधन नसतं, तरी सभ्यपणे विचारलं तर बहुतेक जण देतात. दोन ओळींचं सरकारी उत्तर आलं, तर वर्कफोर्स टीममध्ये ज्यांनी स्पेसिफिकेशन लिहिलं त्यांच्याशी पंधरा मिनिटं फोनवर बोलायची वेळ मागा, निकाल लागल्यानंतर. ते शेरे हाती आले की नावं काढून इथे टाका. कोणत्या उत्तरात काय कमी पडलं ते ओळ न् ओळ बघून सांगेन.